गादी, सोयरीक आणि दत्तक : कोल्हापूर संस्थानातील घराण्यांच्या वंशावळी

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे विशाळगड जहागिरीचे मुख्य ठिकाण. जहागीरदार घराणे पंत प्रतिनिधींचे. औंध संस्थानचे अधिपतीही पंत प्रतिनिधीच. दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष एक, कूळ एक. पण एक शाखा कोल्हापूरच्या छत्रपतींची चाकर झाली आणि दुसरी साताऱ्याच्या. मराठी राज्याची दोन गाद्यांत झालेली वाटणी एका कुटुंबात कशी उतरली, हे या वंशावळीत थेट दिसते.

मूळपुरुष परशुराम त्रिंबक हे साताऱ्याकडच्या किन्हई गावच्या कुलकर्णी घराण्यातले. राजाराम महाराजांच्या काळात ते प्रतिनिधिपदाला पोहोचले. औरंगजेबाने विशाळगडाला वेढा घातला तेव्हा गड त्यांच्याच हाती होता. १७०२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर बोलणी होऊन तो मोगलांना द्यावा लागला. पुढे शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई आणि शाहू यांच्यात राज्याचा वाद पेटला आणि चाकरांनाही बाजू घ्यावी लागली. परशुरामपंतांचे थोरले चिरंजीव कृष्णाजी कोल्हापूरच्या गादीकडे राहिले, त्यांच्याकडे विशाळगड आला. १७१८ मध्ये परशुरामपंत वारले, तेव्हा साताऱ्याचे प्रतिनिधिपद धाकट्या श्रीपतरावांना मिळाले. औंधची शाखा ती. राज्य कोणाकडेही गेले तरी घराण्याचा एक पाय तिथे राहील, अशी ही स्थिती होती. ठरवून घडली असो वा नसो, तिने घराणे दोन्हीकडे टिकले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचा कारभार मलकापुरात स्थिरावला.

विशाळगडासारख्या नऊ जहागिरी कोल्हापूर संस्थानाखाली होत्या. विशाळगड, बावडा आणि इचलकरंजी ही ब्राह्मण घराणी. कागलच्या घाटग्यांच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पाती, कापशीचे सेनापती घोरपडे, तोरगलचे शिंदे, हिंमतबहाद्दर चव्हाण आणि सरलष्कर ही बाकीची. जहागीर सहसा वाटली जात नसे. थोरला मुलगा गादीवर बसे, धाकट्यांना पोटगी किंवा नेमणूक मिळे. नवा जहागीरदार आला की कोल्हापूर दरबारला नजराणा भरावा लागे आणि दरबाराच्या मान्यतेवाचून दत्तक पक्का होत नसे. त्यामुळे या घराण्यांत वंशावळ हा पूर्वजांच्या आठवणीपुरता कागद नव्हता. तोच हक्काचा पुरावा होता.

या वंशावळी वाचताना आडनावावर भरवसा ठेवून चालत नाही. इचलकरंजीचे घोरपडे हे कापशीच्या घोरपड्यांचे भाऊबंद नव्हेत. नारो महादेव जोशी हे कोकणातल्या म्हापणचे. संताजी घोरपड्यांनी त्यांना हाताशी धरून वाढवले आणि त्या उपकाराची जाण म्हणून त्यांनी धन्याचे आडनाव घेतले. त्यांचे चिरंजीव व्यंकटराव यांना बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई दिली. या एका सोयरिकीने जहागिरीची पत बदलली. नावाने कोल्हापूरचे चाकर, पण थोरल्या बाजीरावांचे मेहुणे! पुण्याचा पाठिंबा मिळाल्याने इचलकरंजीकर कोल्हापूरला जुमानेनासे झाले आणि ती धुसफूस पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. पेशव्यांची दुसरी मुलगी भिऊबाई बारामतीकर जोशी या सावकाराच्या घरी दिली होती. एक मुलगी सरदाराघरी, दुसरी सावकाराघरी. नव्याने वर येणाऱ्या घराण्याला फौज आणि पैसा दोन्ही लागतात, हे बाळाजीपंतांनी ओळखले होते.

मराठा घराण्यांत सोयरीक जमवताना कूळ, देवक आणि पदर पाहत. ‘पदर लागतो का’, म्हणजे पूर्वीपासून लग्नसंबंध होत आले आहेत का, हा पहिला प्रश्न असे. एकाच देवकात लग्न होत नाही. उलट मामाची मुलगी करणे चालते, किंबहुना मानाचे समजले जाते. याचा परिणाम असा की पाच-पंचवीस घराण्यांत मुली पुन्हा पुन्हा फिरून येत राहिल्या. भोसले, घाटगे, मोहिते, घोरपडे, निंबाळकर, जाधव, शिर्के, पवार, गायकवाड ही नावे कोणत्याही दोन पिढ्यांत सापडतात. एका घरची आत्या दुसऱ्या घरची सासू असते आणि तिची भाची तिची सून.

राजाराम महाराजांच्या राण्यांपासूनच हे पाहता येते. ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, तर राजसबाई कागलच्या घाटग्यांच्या. ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर उलथापालथ होऊन ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडले आणि राजसबाईंचे चिरंजीव संभाजी गादीवर आले. १७३१ च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरचे वेगळे राज्य मान्य झाले ते याच संभाजी महाराजांचे. म्हणजे कोल्हापूरची गादी सुरुवातीपासून एका अर्थाने कागलच्या लेकीची होती.

घाटग्यांच्या मुली लांबवर गेल्या. १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी आपली मुलगी बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिली आणि स्वतः शिंद्यांचे दिवाण झाले. सासऱ्याच्या कारभाराने पुण्यात जो हाहाकार उडाला, तो मराठी इतिहासातला काळा अध्याय आहे. मुलगी मात्र वेगळ्या तोलाची निघाली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर १८२७ ते १८३३ बायजाबाईंनी ग्वाल्हेरचे राज्य स्वतः चालवले. काशीला ज्ञानवापीवरचा मंडपही त्यांनीच बांधून दिला. घाटग्यांच्या पुरुषांच्या वंशावळीत बायजाबाई कुठेही सापडणार नाहीत. पित्याच्या नावाखाली शाखा काढायची ती मुलांची, मुलींची नाही, ही जुनी रीत.

या रीतीची खरी अडचण कोल्हापूरच्या गादीच्या वंशावळीत येते. १७६० मध्ये संभाजी महाराज निपुत्रिक वारले. तेव्हापासून १९६२ पर्यंत या घराण्यात सात दत्तके झाली. पोटचा मुलगा किंवा भाऊ म्हणून गादीवर आलेले छत्रपती त्या दोनशे वर्षांत मोजकेच : १८१३ मध्ये शंभू, त्यांच्यानंतर त्यांचे भाऊ शहाजी, १८३८ मध्ये शिवाजी ऊर्फ बाबासाहेब आणि १९२२ मध्ये राजाराम.

पहिले दत्तक संभाजी महाराजांच्या राणी जिजाबाईंनी १७६२ मध्ये खानवटकर भोसल्यांतून घेतले. मुलाचे नाव माणकोजी, गादीवर आल्यावर तो शिवाजी झाला. १८६६ मध्ये बाबासाहेब महाराजांनी बहिणीचा मुलगा नागोजीराव पाटणकर यांना दत्तक घेतले. ते राजाराम झाले. १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे त्यांचा अंत झाला. १८७१ मध्ये भोसले भाऊबंदातले नारायणराव आले, तेही शिवाजी झाले आणि १८८३ मध्ये अहमदनगरला नजरकैदेत वारले. १८८४ मध्ये त्यांच्या राणी आनंदीबाईंनी कागलच्या जयसिंगराव आबासाहेब घाटग्यांचे चिरंजीव यशवंतराव यांना दत्तक घेतले. हेच राजर्षी शाहू महाराज. त्यांच्या जन्मदात्या आई राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांच्या कन्या. दत्तकाबरोबर नाव बदलते, त्यामुळे जन्मघरच्या कागदात एक माणूस आणि गादीच्या कागदात दुसरा, असा भास होतो. वंशावळ जुळवणाऱ्याने दोन्ही नावे शेजारी लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दत्तकाचा प्रश्न इंग्रजी अमदानीत जीवनमरणाचा झाला. इंग्लंडच्या उमराव घराण्यांत दत्तकाला किताब मिळत नाही. तिथे तो बहुधा थोरल्या मुलाकडे जातो. मुलगा नसेल तर भाऊ, पुतण्या, चुलत शाखा धुंडाळतात आणि कोणीच नसेल तर किताब विझतो. असे वारस शोधता यावेत म्हणूनही तिकडे वंशावळींची छापील पुस्तके तयार झाली. जॉन बर्क यांचा उमराव घराण्यांचा प्रसिद्ध कोश १८२६ मध्ये निघाला. अशा रीतीत वाढलेल्या राज्यकर्त्यांना दत्तक हा पोटच्या मुलाइतकाच खरा वारस वाटणे अवघड होते, हे समजण्यासारखे आहे. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने त्या अडचणीचे हत्यार केले. १८४८ मध्ये साताऱ्याच्या शहाजी महाराजांनी मरणापूर्वी घेतलेले दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले, हा उघड अन्याय होता. १८५७ च्या धक्क्यानंतर धोरण फिरले आणि १८६२ मध्ये कोल्हापूरला दत्तकाची सनद मिळाली. चारच वर्षांनी तिचा उपयोग करावा लागला.

दत्तकमीमांसेसारख्या धर्मशास्त्रीय ग्रंथांत बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक घ्यायला त्रैवर्णिकांना मनाई आहे. राजघराण्यांनी रूढीचा आधार घेऊन ती मागे ठेवली. कोल्हापूरच्या सात दत्तकांपैकी तीन लेकीबहिणींच्या वंशातली आहेत. त्यांतले १९४७ चे सर्वांत बोलके. शाहू महाराजांची मुलगी राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब महाराज, १९०८ मध्ये देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांना दिली. या तुकोजीरावांकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१ मध्ये खासगी चिटणिसाचे काम केले आणि पुढे त्यावर पुस्तक लिहिले. नवराबायकोचे पटले नाही, अक्कासाहेब माहेरी कोल्हापुरात आल्या. इकडे भाऊ राजाराम महाराज १९४० मध्ये वारले. त्यांच्या मागे भोसले कुळातला तान्हा मुलगा दत्तक घेतला होता, तो १९४६ मध्ये पाच वर्षांचाही न होता गेला. तेव्हा अक्कासाहेबांचे चिरंजीव, देवासचे राजे विक्रमसिंह, दत्तक येऊन कोल्हापूरचे शहाजी छत्रपती झाले आणि देवासची गादी त्यांच्या मुलाकडे गेली. बापाच्या वंशातून पाहिले तर पवारांचा मुलगा भोसल्यांकडे आला. आईच्या वंशातून पाहिले तर शाहू महाराजांचा नातू आजोबांच्या घरी परतला. रक्ताचे नाते सांगणारी ही दुसरी ओळ पुरुषांच्या वंशावळीत कुठेच नाही.

शाहू महाराजांनी सोयरिकीकडे समाजकारणाचे साधन म्हणूनही पाहिले. त्यांचे स्वतःचे लग्न १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाले. युवराज राजाराम यांना त्यांनी १९१८ मध्ये सयाजीराव गायकवाडांची नात केली. सासरी ती ताराबाई झाली. धाकट्या शिवाजी राजपुत्रासाठी सासवडच्या जगतापांची मुलगी आणली. १९१८ मध्ये शिकारीत शिवाजींचा अपघाती मृत्यू झाला आणि इंदुमतीदेवी कोवळ्या वयात विधवा झाल्या. शाहू महाराजांनी सुनेला कोपऱ्यात बसवले नाही, विरोध पत्करून शिकवले. मराठा आणि धनगर समाजांत सोयरिकी व्हाव्यात, ही त्यांचीच कल्पना. तिची सुरुवात त्यांनी आपल्याच घाटगे घराण्यापासून करायचे ठरवले. महाराज १९२२ मध्ये गेले; कागलच्या धाकट्या पातीची मुलगी १९२४ मध्ये इंदूरच्या धनगर होळकर घराण्यातील यशवंतराव यांना दिली, त्या महाराणी संयोगिताबाई. आजही जे पाऊल टाकताना घरे कचरतात, ते एका राजाने शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या भावकीत टाकले.

या सगळ्या वंशावळी लिहून ठेवल्या कोणी? राजघराण्यांचे दफ्तर, इनाम कमिशनपुढे सादर झालेल्या कैफियती, महजर आणि निवाडपत्रे हा सरकारी भाग. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी येथील तीर्थोपाध्यांच्या चोपड्या हा दुसरा. यात्रेला आलेला माणूस आपल्या हाताने बाप-आजा-पणजा लिहून सही करतो. तिसरा भाग कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्याचा खास, तो हेळव्यांचा. सुगीनंतर बैलावर बसून हेळवी दारात येतो, कुळाचे मूळ गाव आणि देवक सांगून सुरुवात करतो आणि पिढ्या एका दमात वाचत जातो. पूर्वी ताम्रपटांचा आधार असे, मग मोडी किंवा कानडी लिपीतल्या चोपड्या आल्या. नवी नावे नोंदवून तो धान्य किंवा पैसे घेऊन पुढच्या घरी जातो. सरदाराचा वाडा असो की शेतकऱ्याचे घर, त्याची पद्धत एकच.

तिन्ही साधनांना मर्यादा आहेत. हक्कासाठी तयार केलेल्या कैफियतीत गैरसोयीची शाखा गाळलेली असू शकते. सोय पाहून नाते जोडणे किंवा तोडणे खुद्द राजघराण्यातही घडले. ताराबाईंनी रामराजा आपला नातू म्हणून पुढे आणला, साताऱ्याच्या शाहू महाराजांनी त्याला वारस केले आणि पुढे कारभार हातात येईना तेव्हा तो खरा नातू नव्हेच, असे त्याच ताराबाईंनी जाहीर केले. एका कागदावर विसंबून वंश सिद्ध होत नाही. सनद, दत्तकपत्र आणि चोपडी एकमेकांशी ताडून पाहावी लागते.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. विलीन प्रदेशातील जहागिरी रद्द करणाऱ्या कायद्याने त्यानंतर विशाळगडासारख्या जहागिरींचा हक्क संपला. तरी गादीचा प्रश्न लोकांच्या मनातून गेला नव्हता. १९६२ मध्ये शहाजी महाराजांनी नागपूरकर भोसले घराण्यातील दिलीपसिंह या आपल्या मुलीच्या मुलाला दत्तक घेतले, तेव्हा राजाराम महाराजांच्या कन्या पद्माराजे यांच्या बाजूने कोल्हापुरात मोठे आंदोलन उभे राहिले. वाद दोन लेकींच्या वंशांचा होता. हे दत्तक कायम राहिले. त्या दत्तकाने आलेले शाहू छत्रपती २०२४ मध्ये कोल्हापूरचे खासदार म्हणून निवडून आले.