सातबारा बदलला, बॅकअपचे काय?

नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. ई-हॉस्पिटल प्रणालीतील नोंदी परत मिळाल्या, त्या हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. हाच बॅकअप एरवी अगदी साध्या कामातही हातून निसटू शकतो.

अनेक रुग्णालयांच्या नोंदी आता ‘क्लाउड’वरच्या व्हर्च्युअल मशिनमध्ये असतात. असे मशिन म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधील मोठ्या सर्व्हरचा सॉफ्टवेअरने वेगळा केलेला हिस्सा. त्याचे बिल एका सबस्क्रिप्शनवर निघते. विभागांचे हिशेब वेगळे झाले, की मशिन दुसऱ्या सबस्क्रिप्शनमध्ये न्यावे लागते.

मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅझ्युर’मध्ये हे काम सातबाऱ्यावरचे नाव बदलण्यासारखे आहे, जमीन हलत नाही. मशिन त्याच डेटा सेंटरमध्ये चालू राहते, फक्त त्याची डिस्क आणि नेटवर्कचे भाग सोबत न्यावे लागतात. मशिनवर थेट दिलेले अधिकार मागेच राहतात. पण ते लगेच कळते. कुणाचे तरी काम अडते, फोन येतो.

बॅकअपचा फोन येत नाही. मशिन हलवण्यापूर्वी तो थांबवावा लागतो, झटपट पूर्ववत करण्यासाठीचे ‘रिस्टोअर पॉइंट’ पुसावे लागतात. जुन्या प्रती जुन्याच व्हॉल्टमध्ये राहतात. नव्या जागी बॅकअप पुन्हा सुरू करावा लागतो आणि मशिन सुरळीत चालत असल्याने नेमके हेच राहून जाते. नाव बदलेल त्याच दिवशी नवी प्रत घ्यावी, ती उघडून पाहावी. तोवर जुन्या व्हॉल्टला हात लावू नये.