आठ बाय चारचे प्लायवूड घरच्या घरी कसे कापाल?

सुगी आटोपली, हाताशी चार दिवस मोकळे मिळाले, की घरातली राहिलेली कामे आठवतात. बियाण्यांच्या पिशव्यांना, मुलांच्या पुस्तकांना जागा हवी असते. एखादी मांडणी आपणच करावी म्हणून बाजारातून प्लायवूडचा तक्ता येतो, आणि इथेच पंचाईत होते. तक्ता 8 फूट लांब, 4 फूट रुंद. 18 मिलिमीटर जाडीचा असेल, तर वजन सुमारे 30 ते 35 किलो. एकट्याला तो धड उचलत नाही. त्यावर घाईने करवत चालवली, तर पैसे वाया जातात आणि हातालाही इजा होते.

म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्या. समजा, 4 फूट लांब व 2 फूट रुंद अशा चार फळ्या हव्यात. तक्ता आडवा तीन ठिकाणी कापला, तरी चार फळ्या निघतात. पण तसे करू नका. प्लायवूडच्या वरच्या पापुद्र्याच्या रेषा बहुधा 8 फुटांच्या बाजूने जातात आणि फळीला त्या दिशेने जास्त बळ असते. रेषा आखूड बाजूने आल्या, तर वजनाने फळी मध्ये लवकर झुकते.

त्यापेक्षा तक्ता मधोमध आडवा कापून दोन चौकोन करा. मग प्रत्येक चौकोन रेषांच्या दिशेने उभा चिरा. काप तीनच, फळ्याही चारच, पण अधिक मजबूत. शिवाय पहिला काप दुकानातच करून मिळाला, तर माल घरी आणणेही सोपे.

करवतही लाकूड खाते. एका कापाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, धरा. मधोमध कापल्यावर प्रत्येक तुकडा अर्धे सूत कमी भरतो. आखणी करतानाच हा हिशेब करा.

तक्ता दोन बाकड्यांवर ठेवा आणि खाली चार सरळ दांडे द्या : कापाच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन. मग दोन्ही तुकडे आधारावर राहतात आणि करवत अडकत नाही. गुण्या लावून रेघ ओढा. रेघेवरून धारदार सुरी दोन-तीनदा फिरवा, म्हणजे पापुद्रा उचकटत नाही. हातकरवत बारीक दातांची घ्या. ती पुढे ढकलताना कापणारी असेल, तर चांगली बाजू वर ठेवा. विजेच्या गोल करवतीचे दात खालून वर येतात, म्हणून तेव्हा चांगली बाजू खाली. सरळ पट्टी शिकंज्याने घट्ट बसवा आणि तिच्या कडेने करवत चालवा. पाते तक्त्याच्या जाडीपेक्षा थोडेच खाली उतरू द्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. फरशी किंवा लोखंड घासायच्या यंत्राला लाकडाचे दातेरी पाते लावून, वरचे झाकण काढून, काहीजण प्लायवूड कापतात. असे कधीही करू नका. पाते अडकले, की यंत्र उसळून अंगावर येते. काम चालू असताना वीज गेली, तर आधी बटण बंद करा आणि पिन काढा; नाहीतर वीज आली की यंत्र आपोआप सुरू होईल. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके हवेच. सैल कपडे घालू नका आणि मुलांना दूर ठेवा.

उरलेले तुकडे चुलीत घालू नका. त्यांत रासायनिक डिंक असतो, त्याचा धूर घरातल्या माणसांना बाधतो. हा भुसा कोंबड्यांच्या खुराड्यातही पसरू नका.

शेवटी कडा काचकागदाने घासून त्यांना प्रायमर व रंगाचा हात द्या. प्लायवूड पाणी पिते ते मुख्यतः कडांतून. कडा बंद केल्या, तर पावसाळ्याच्या दमटपणातही तुमची मांडणी चांगली टिकेल.