निरोप पुढे धाडण्यापूर्वी

मराठी बोलीत ‘म्हणे’ हा मोठा उपयोगी शब्द आहे. ‘मांजरेला पूर आला म्हणे’ असे कोणी बोलले, की बोलणाऱ्याने पूर स्वतः पाहिलेला नाही, ती ऐकीव वार्ता आहे, हे ऐकणाऱ्यास तत्काळ उमगते. आता घरोघरी मोबाइल आला आहे आणि बोटाच्या एका स्पर्शाने निरोप शेकडो घरी पोहोचतो. या घाईत तो लहानसा शब्द मात्र गळून पडला आहे.

त्याचे मोल नांदेड-लातूरकडील मुलांना अधिक कळेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. दगडमातीची जड घरे कोसळली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या पहाटेची आठवण ज्या घरांत आहे, तेथे ‘भूकंप’ हा शब्द नुसता कानी पडला तरी वडीलधाऱ्यांच्या काळजात धस्स होते.

१५ फेब्रुवारी २०२३ रोजी लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात सकाळी जमिनीतून गूढ आवाज ऐकू आला. लगेच भूकंप झाल्याची आवई उठली. प्रशासनाने भूकंपमापन केंद्रांकडे विचारणा केली, तेव्हा धक्क्याची कोठेही नोंद नव्हती. ‘आवाज ऐकला’ हे लोकांनी सांगितले ते खरेच होते. ‘भूकंप झाला’ हे मात्र कानाने ठरत नाही. ते यंत्राने सांगावयाचे असते.

मग ‘आज रात्री दोन वाजता मोठा धक्का बसणार’ असा निरोप आला तर काय करावे? भूपृष्ठाखालील खडकांवर ताण साचत जातो. तो असह्य झाला की खडक सरकतात आणि भूमी हादरते. तो क्षण कोणता, हे आधी सांगण्याची विद्या भूकंपांची सवय असलेल्या जपानलाही अद्याप साधलेली नाही. म्हणून भूकंपाची वेळ आधीच सांगणारा निरोप, त्याखाली कितीही मोठ्या संस्थेचे नाव असो, खोटाच समजावा व आपल्यापाशी थांबवावा. तो काकांनी धाडला असेल, तर ‘काका, हे आपणांस कोणी कळविले?’ एवढेच नम्रपणे विचारावे. पुष्कळदा त्या एका प्रश्नानेच आवईचा प्रवास थांबतो.

आवईने प्राणही जातात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा खरी मानून जमावाने भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने इकडून तिकडे धाडलेल्या निरोपांवर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला. ती खूण म्हणजे यंत्राने लिहिलेले ‘म्हणे’च होय.

परंतु हे साधन वाईट आहे, असे कोणी समजू नये. १९९३ साली खेड्यांत दूरध्वनी विरळा होता. दूरच्या नातलगांना गावाकडील खुशालीसाठी जिवाची तगमग सोसावी लागे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला व नांदेडातही तो जाणवला. अशा वेळी ‘आम्ही नांदेडला आहोत, सहा वाजून गेल्यावर भांडी हादरली, घरी सर्व सुखरूप’ असा निरोप पुण्यातील आजीला किती धीर देईल! त्यात सांगणारा कोण, स्थळ कोणते, वेळ कोणती, सारे आहे. आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच आहे.

तुम्ही वडिलांच्या मोबाइलवरून धाडलेला निरोप वाचणारा वडिलांचाच समजतो, हेही ध्यानात असू द्यावे. चुकीचा निरोप गेलाच, तर तो नुसता पुसून भागत नाही. ज्यांनी तो वाचला, त्या सर्वांना ‘ते खरे नव्हते’ असे पुन्हा कळवावे लागते.