गावकुसाबाहेरची वस्ती आणि स्वतंत्र गावाची मागणी

शेवगाव तालुका घ्या किंवा नगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे अकोले घ्या, जुन्या गावाची ठेवण सारखीच असे. वेशीच्या आत पांढरी, चावडी आणि मारुतीचे देऊळ. वेशीबाहेर महारवाडा आणि मांगवाडा. वेसकर महार हातात घुंगुरकाठी घेऊन दिवसभर गावकी करी, सांजेला दारोदार भाकरी गोळा करी आणि वेशीबाहेर परते. त्याच्यावाचून गावाचे पान हलत नसे. पण गावात त्याला घर नव्हते.

अलग राहण्याच्या विचाराचे दोन प्रकार मानावे लागतात. बलवानाने दुर्बलावर लादलेले ते पृथक्करण. दुर्बलाने आत्मरक्षणासाठी स्वतः मागितलेली ती पृथक्ता. या दोहोंची सरमिसळ फार होते. अमेरिकेत १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे सूत्र मान्य केले, ते पृथक्करण होय. कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांची चळवळ आणि १९३० मध्ये डेट्रॉइटला निघालेली ‘नेशन ऑफ इस्लाम’ यांनी पृथक्ता मागितली. अमेरिकेतील मुक्त कृष्णवर्णीयांसाठी आफ्रिकेत वसवलेल्या लायबेरियाचे प्रकरण मात्र या वर्गीकरणात नीट बसत नाही. १८१६ साली स्थापन झालेल्या ज्या संस्थेने ही वसाहत वसवली, तिच्या गोऱ्या पुरस्कर्त्यांत मुक्त कृष्णवर्णीयांची देशातून पाठवणी करू इच्छिणारेही होते.

नगरचा अमेरिकेशी संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ मध्ये ठाणे मांडले. मिशनमधील मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुले प्रभावित झाले होते. पुढे १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

पृथक्तेचा विचार महाराष्ट्रात सर्वांत काटेकोरपणे मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ते १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. गार्वी १९१६ च्या मार्चमध्ये त्याच शहरात उतरले, हा योगायोग येथे नोंदवून ठेवावासा वाटतो. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने ते गेले आणि संयुक्त मतदारसंघांत १४८ राखीव जागा आल्या. पुढचे पाऊल याहून मोठे होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसवण्याचा ठराव झाला. याच परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली.

ठरावामागचा युक्तिवाद साधा होता. प्रत्येक गावात अस्पृश्य मूठभर. जमीन सवर्णांची, मजुरी सवर्णांच्या हाती, पाणवठाही त्यांचाच. अशा स्थितीत कायद्याने दिलेला हक्क बजावायला जावे, तर बहिष्कार पडून चूल विझते. म्हणून सरकारी पडीक जमिनीवर वसाहती कराव्यात आणि हे काम एका आयोगाकडे सोपवावे, असा आग्रह होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही ही योजना आहे. गार्वी यांची दृष्टी आफ्रिकेकडे होती. बाबासाहेबांना गाव हवे होते ते याच देशात. शिवाय अस्पृश्यतेला वंशभेदाचा आधार आहे, हे मत त्यांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये साफ फेटाळले. त्यामुळे दोन्ही चळवळींची तुलना करताना ‘वंश’ हा शब्द इकडे जपूनच वापरला पाहिजे.

महाराला गावाशी जखडून ठेवणारा खरा दोर होता वतनाचा. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले होते. पण कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

स्वतंत्र वसाहतींचा आयोग संविधानात आला नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे वगळून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाचा विषय नावे हा होता. वस्त्यांच्या जागा नव्हे.