वातावरणाची खतावणी

शिल्लक पाहिल्यावाचून पेढीची खरी स्थिती कळत नाही, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. वातावरणाचीही अशी शिल्लक हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मांडली जाते. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ साली तेथे मोजणी आरंभिली, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड वायूचे सुमारे ३१५ भाग होते. यंत्रयुगापूर्वी ते २८० च्या आसपास होते. आज ४२० हून अधिक आहेत. उत्तर गोलार्धात झाडे पालवली म्हणजे आकडा थोडा उतरतो, पाने झडली म्हणजे पुन्हा चढतो. परंतु वर्षअखेरची शिल्लक वाढतच जाते. कोळसा व तेल जाळून सोडलेल्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास समुद्र व वनस्पती शोषून घेतात. उरलेला साचतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो.

हा विषय केवळ पंडितांचा, असे आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस म्हणता येणार नाही. २०२२ चा मार्च हा १९०१ पासून तोवरच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. ऐन दाणा भरण्याच्या वेळी ऊन तापले व गहू सुरकुतला. पंजाब-हरियाणातील सरकारी खरेदीत अशा दाण्याची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर न्यावी लागली. १३ मे रोजी गव्हाची निर्यातही बंद झाली.

पूर्वी हवामान फिरले की आपण दैवास बोल लावीत असू. आता त्या वहीत आपल्याही मोटारीचा व गिरणीचा खर्च चढतो. उधारी आपण करावयाची आणि फेड नातवंडांनी, ही आपल्या पेढ्यांची रीत नव्हे.