खिशातला फळा

वर्गात आल्या आल्या काही प्राध्यापक म्हणतात, "मोबाइल बंद करा." काही म्हणतात, "मोबाइल काढा." एकाच दिवशी, एकाच बाकावर बसून आम्ही या दोन्ही आज्ञा ऐकतो आणि दोन्ही पाळतो, निदान पाळल्यासारखे दाखवतो! 'बंद करा' म्हटले की तो वहीखाली जातो आणि 'काढा' म्हटले की त्यावर शब्दकोशापेक्षा क्रिकेटचा धावफलकच अधिक उघडतो. यात दोष विद्यार्थ्यांचा की प्राध्यापकांचा, हा वाद मला येथे घालायचा नाही. भिंतीवरच्या फळ्यावर काय लिहायचे आणि ते कधी पुसायचे, हे ठरलेले असते. खिशातल्या या दुसऱ्या फळ्याचे मात्र अजून काहीच ठरलेले नाही. ते ठरवायचे झाल्यास कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील, याचा विचार मी या लेखात करणार आहे.

यंत्र वर्गात आणण्याची हौस आजची नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष आपल्या देशात 'साइट' या नावाने ओळखला जाणारा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह आणि इस्रोचे नियोजन यांच्या साहाय्याने राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत, संध्याकाळी मोठ्यांसाठी. या प्रयोगाविषयी वाचताना मला उपग्रहापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटले. संच सर्वांचा मिळून होता. कार्यक्रमाची वेळ ठरलेली, विषय ठरलेला, बसण्याची जागाही ठरलेली. आज आमच्या वर्गात साठ मोबाइल असतील तर साठ विषय आणि साठ दिशा असतात. साधने वाढली, त्यांच्याभोवतीची शिस्त काही वाढली नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये रुजू झाले. पुस्तकाची भाषा आणि मुलांच्या घरची भाषा यांत तेथे अंतर होते. गुरुजींनी पाठ मुलांच्या भाषेत आणले आणि पुस्तकात क्यूआर कोड, म्हणजे ते चौकोनी ठिपक्यांचे ठसे, घातले. ठसा मोबाइलने टिपला की कविता ऐकता येई, धडा पाहता येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांनी वृत्तपत्रांत वाचले असेलच. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यामागचा क्रम. तेथे कोड आधी आला नाही. आधी अडचण दिसली, आणि मग त्या अडचणीला पुरेल असे साधन शोधले गेले. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट होते. साधन आधी विकत येते आणि मग त्याचे काय करायचे यासाठी सभा भरते!

आता प्रत्यक्ष तासाकडे वळू. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९१ पासून शिकवण्याची एक रीत रूढ केली. थोडे शिकवून झाले की ते एक प्रश्न विचारतात. प्रत्येकाने प्रथम एकट्याने विचार करून उत्तर निवडायचे. मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून देण्याचा प्रयत्न करायचा. आणि त्यानंतर पुन्हा मत द्यायचे. ही मते नोंदवण्यासाठी पुढे हातात मावणारी छोटी यंत्रे निघाली. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नॅथॅनिएल लॅस्री यांच्या अभ्यासात असे दिसले, की यंत्राने मत देणारे विद्यार्थी आणि साधी कार्डे उंचावून मत देणारे विद्यार्थी यांच्या विषय समजण्यात उल्लेखनीय फरक पडला नाही. यंत्राने शिक्षकाची मोजणी सोपी झाली एवढेच. शिकणे घडले ते प्रश्नामुळे आणि शेजाऱ्याशी झालेल्या वादामुळे.

याचा अनुभव आम्ही अर्थशास्त्राच्या तासाला घेतला. सरांनी प्रश्न घातला : कांद्याचा भाव वाढला म्हणून लोकांनी कांदा कमी घेतला, तर मागणीचा वक्र डावीकडे सरकतो की आपण त्याच वक्रावर वर जातो? पहिल्यांदा मते मोबाइलवर मागवली. मागच्या बाकांवर इंटरनेट पोहोचेना आणि त्यातच दहा मिनिटे गेली. पुढच्या तासाला सरांनी वहीच्या कागदावर मोठा 'अ' किंवा 'ब' लिहून वर धरायला सांगितले. मी ठामपणे 'वक्र सरकतो' असे लिहिले होते. शेजारच्या मैत्रिणीने विचारले, "लोकांची आवड बदलली का? उत्पन्न बदलले का? बदलला तो फक्त भाव ना?" माझे वडील बाजार समितीत हमाली करतात, कांद्याची पोती त्यांच्या पाठीवरून उतरतात, तरी मागणीचा संकोच आणि मागणीतील ऱ्हास यांतला भेद मला त्या प्रश्नानंतरच कळला. तो आता विसरणे नाही.

मग मोबाइल वर्गात नकोच का? तसे नव्हे. जेथे त्याच्यावाचून अडते, तेथे तो अवश्य हवा. मराठीच्या तासाला जुन्या ग्रंथातला एखादा शब्द अडतो. ग्रंथालयातला मोठा कोश घरी नेता येत नाही. पण मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात; मराठी विश्वकोशाचे वीसही खंड महाजालावर आहेत. आमच्या गावात ज्या घरी वर्तमानपत्रही येत नाही, तेथे विश्वकोश पोहोचतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. फक्त त्याची रीत पाळावी : शब्द सर्वांनी मिळून शोधायचा, एकाने मोठ्याने वाचायचा आणि मोबाइल पालथा ठेवायचा. तीन मिनिटांचे काम!

मात्र टिपणे काढण्याची बाब वेगळी. २०१४ साली मुलर आणि ओपनहायमर या संशोधकांना असे आढळले, की संगणकावर टिपणे घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतात आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडतात. पुढे हा प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा फरक इतका स्पष्ट आला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण फळ्याचा फोटो काढून घेतला की समजल्याचे समाधान तेवढे मिळते, हे आपण सर्वजण जाणतो. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या फोटोंची गर्दी पाहून काय होते, तेही जाणतो! याउलट २००६ मध्ये रोडिगर व कार्पिकी यांनी दाखवले, की उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून तो आठवून लिहिणाऱ्यांच्या एका आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो. तेव्हा तासाच्या शेवटी पाच मिनिटे सर्व काही मिटवून आठवेल ते लिहावे आणि मोबाइल उघडावा तो उत्तर ताडून पाहण्यासाठी. साधन तेच; फक्त त्याची पाळी बदलली.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा. वर्गात ज्याच्यापाशी मोबाइल नाही, त्याचे काय? आमच्या घरी मोबाइल एकच आहे. तो सकाळी वडिलांबरोबर जातो आणि रात्री आठला परततो. गेल्या वर्षी एका चाचणीची वेळ बदलली. सूचना दुपारी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आली. त्या रात्री वडिलांना यायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी पोहोचले तेव्हा उत्तरपत्रिका गोळा होत होत्या. कारण विचारले तेव्हा मी "आजी आजारी होती" असे सांगितले. माझी चाचणी पुन्हा घेतली गेली, गुणही मिळाले. पण आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात आले आहे आणि ते खोटे बोलते आहे, हे मनाला लागून राहिले. घरी मोबाइल एकच आहे, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा धडधाकट आजीला आजारी पाडणे मला सोपे वाटले. खरे कारण मी आज प्रथमच लिहीत आहे, कारण वर्गात असे बोलणारी मी पहिली असले तरी एकटी नसावे.

म्हणून साधनांची व्यवस्था म्हणजे केवळ 'बंद करा' किंवा 'काढा' नव्हे. वर्षाच्या आरंभीच प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी मिळून चार गोष्टी ठरवाव्यात : मोबाइल कोणत्या कामासाठी निघेल, किती मिनिटांसाठी निघेल, दोघातिघांत एक कसा वापरला जाईल, आणि ज्याच्यापाशी तो नाही त्याचे त्या दिवशी काय अडेल. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत गटावर गेलेली प्रत्येक सूचना कार्यालयाबाहेरच्या फलकावरही एका कागदावर लागावी. तो फलक मी रोज येता-जाता वाचते.