शिनाणे (मसल) : प्रजनन व आनुवंशिक भेद

मृदुकाय संघाच्या शिंपाधारी वर्गातील मिटिलिडी कुलात समाविष्ट होणारा सागरी प्राणी. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या हिरव्या कवचाच्या जातीचे शास्त्रीय नाव पर्ना व्हिरिडीस (जुने नाव मिटिलस व्हिरिडीस) असे आहे. पायाजवळील ग्रंथीतून स्रवणाऱ्या चिवट धाग्यांनी हा प्राणी खडकांना घट्ट चिकटून राहतो. एकाच जातीच्या, परंतु निरनिराळ्या किनाऱ्यांवरील समष्टींत (एके ठिकाणी राहून आपापसांत प्रजनन करणाऱ्या समूहांत) जननकाल, वाढ व जनुकांचे प्रमाण यांबाबत भेद आढळतात. यांपैकी कोणते भेद परिस्थितीजन्य व कोणते आनुवंशिक हे ठरविणे शास्त्रीय व व्यावहारिक अशा दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचे आहे.

प्रजनन : नर व मादी बहुधा भिन्न असतात. पक्व नराचे जननांग पांढरट, तर मादीचे नारिंगी वा विटकरी दिसते. अंडाणू व शुक्राणू पाण्यात सोडले जातात व निषेचन शरीराबाहेर होते. डिंभ (अळीसारखी पूर्वावस्था) सु. दोन ते तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत राहतात व नंतर योग्य पृष्ठभागाला चिकटतात. त्यामुळे आईबापांच्या खडकापासून ते पुष्कळ दूर जाऊ शकतात.

तापमान, लवणता व अन्नाची उपलब्धता यांवर जननकाल अवलंबून असतो. केरळच्या किनाऱ्यावर तो मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या सुमारास येतो. पूर्व किनाऱ्यावरील ऋतुमान निराळे असल्यामुळे तेथील जननकालही निराळा असतो. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठातील रा. नागभूषणम् व उ. ह. माने यांनी रत्नागिरी येथील शिनाण्यांच्या प्रजननाचा अभ्यास करून तो १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र दोन ठिकाणच्या जननकालांतील फरक हा एकट्याने आनुवंशिक भेदाचा पुरावा ठरत नाही. दोन्ही समष्टींतील प्राणी एकाच परिस्थितीत वाढविल्यावरही फरक टिकून राहिला, तरच तो आनुवंशिक असण्याची शक्यता बळावते.

आनुवंशिक भेद : डिंभ दूरवर वाहून जात असल्याने सर्व समष्टींतील जनुके मिसळून एकसारखी व्हावीत, अशी अपेक्षा असते. परंतु ती नेहमीच खरी ठरत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड साउंड येथील मिटिलस एड्युलिस ही जात. रिचर्ड कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या काळात तेथे ल्यूसीन अमिनोपेप्टिडेज या एंझाइमाच्या जनुकाचा अभ्यास केला. या जनुकाच्या एका पर्यायी रूपाचे प्रमाण खुल्या समुद्रात सु. ५५%, तर कमी खारट पाण्याच्या आतील भागात सु. १५% आढळले. हे रूप पेशींतील मुक्त ॲमिनो अम्लांचे प्रमाण वाढवून खाऱ्या पाण्यात उपयोगी पडते. कमी खारट पाण्यात मात्र त्यामुळे नायट्रोजनाचा अपव्यय होतो. समुद्रातून आलेल्या डिंभांपासून वाढलेले या रूपाचे लहान प्राणी आतील भागात अधिक प्रमाणात मरतात व दर पिढीत नैसर्गिक निवडीने हा भेद नव्याने निर्माण होतो.

जातीनिश्चिती : दक्षिण केरळ व कन्याकुमारीकडील तपकिरी शिनाण्याला १९७६ मध्ये पर्ना इंडिका ही स्वतंत्र जात मानण्यात आले. पर्ना व्हिरिडीसमध्ये गुणसूत्रांची संख्या ३०, तर तपकिरी शिनाण्यात २८ असते. त्यामुळे हे दोन प्रकार भिन्न आहेत हे उघड आहे. तथापि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तपकिरी शिनाणे हे पर्ना पर्ना या जातीचेच असून ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओमानकडील भागातून आले असावे. अशा निर्णयासाठी अनेक प्रकारचे पुरावे एकत्र पहावे लागतात. उदा., मिटिलस वंशात मादीकडील कलकणू (पेशीतील ऊर्जानिर्मिती करणारी सूक्ष्मांगे) सर्व संततीला मिळतात, तर नराकडील कलकणू केवळ पुत्रांकडे जातात. हे न ओळखता कलकणूंतील डीएनएची तुलना केल्यास एकाच समष्टीतील नर व मादी निरनिराळ्या वंशरेषांचे भासू शकतात.

व्यावहारिक महत्त्व : केरळच्या खाड्यांत दोरांवर शिनाण्यांचे संवर्धन केले जाते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होऊन ते मरण्याचा धोका असतो, म्हणून पीक त्यापूर्वी काढतात. बीज (लहान शिनाणे) मुख्यतः नैसर्गिक खडकांवरून गोळा होत असल्याने जननकालाची माहिती आवश्यक ठरते. ते दूरच्या किनाऱ्यावरून आणल्यास स्थानिक परिस्थितीला न मानवणारी जनुके तेथील समष्टीत मिसळू शकतात. पर्ना व्हिरिडीस ही जात १९९० मध्ये त्रिनिदाद येथे व १९९९ मध्ये फ्लॉरिडातील टँपा उपसागरात आढळली. तेथे ती उपद्रवी ठरली. म्हणून बीज हलविण्यापूर्वी त्याची जात व मूळ समष्टी निश्चित करणे हितावह असते.